बायपासनंतर दीड वर्षाने उठणारी पोटातील कळ: केव्हा थांबावे आणि केव्हा धावावे

प्रश्नाचा सारांश असा. लातूरच्या एका गृहस्थांच्या ३४ वर्षांच्या धाकट्या बहिणीची दीड वर्षापूर्वी पुण्यात दुर्बिणीद्वारे गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन ११४ किलोंवरून ७२ किलोंवर आले आणि मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. गेल्या तीन महिन्यांपासून मात्र अधूनमधून, जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, बेंबीच्या वर डावीकडे तीव्र कळ उठते, ती पाठीत जाते आणि तास-दोन तासांत आपोआप ओसरते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्या. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी समजून गोळ्या दिल्या असून कळ उठली की ते वेदनाशामक इंजेक्शन देतात. हे गंभीर आहे का, कोणत्या लक्षणांवर ताबडतोब धावपळ करावी, पुन्हा शस्त्रक्रिया झाली तर सावरायला किती काळ लागतो आणि पुढच्या वर्षी मूल होऊ देण्याचा विचार आहे त्याचे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर.

रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता निदान करता येत नाही, हे आपणही जाणता. तरीही आपण केलेले वर्णन वाचून ही कळ ॲसिडिटीची आहे असे मानायला मी तयार नाही. बायपास झालेल्या आणि बरेच वजन उतरलेल्या व्यक्तीला जेवणानंतर उठणारी, पाठीत जाणारी आणि आपोआप थांबणारी कळ येत असेल, तर तिला अंतर्गत हर्निया (पोटातल्या पोटात आतड्याचा वेढा एखाद्या फटीत अडकणे) आहे असे धरूनच पुढे चालावे आणि तो नाही हे सिद्ध झाल्यावरच दुसऱ्या कारणाकडे वळावे, असा या क्षेत्रातील शिरस्ता आहे. आपल्या बहिणीच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आपण निश्चिंत झालात हे स्वाभाविक आहे. परंतु आतड्यांतील हवेमुळे सोनोग्राफीला ही जागा धड दिसतच नाही. त्या तपासणीने फार तर पित्ताशयात खडे नाहीत एवढे सांगितले.

हा हर्निया जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा दिसतो तसा बाहेरून दिसत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार केली जाते, लहान आतडे एका जागी कापून त्याचे खालचे टोक वर आणून त्या पिशवीला जोडतात, आणि जठराच्या उरलेल्या भागातून पाचकरस घेऊन येणारे दुसरे टोक आणखी खाली जाऊन आतड्याला जोडले जाते. आतडे पोटात मोकळे लोंबत नसते. ते एका चरबीयुक्त पडद्याने पाठीच्या बाजूला बांधलेले असते आणि त्याच पडद्यातून त्याला रक्तपुरवठा होतो. आतडे कापून वर आणले की या पडद्यांमध्ये पूर्वी नसलेल्या फटी तयार होतात. एक फट खालच्या जोडाजवळ असते आणि दुसरी वर आणलेल्या आतड्याच्या मागे, मोठ्या आतड्याच्या पडद्याखाली. ही दुसरी जागा वॉल्टर पीटर्सन या जर्मन शल्यचिकित्सकाने १९०० साली वर्णिली. म्हणून तिला आजही पीटर्सनची जागा म्हणतात. वजन कमी करण्यासाठी बायपास १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी सुरू केला. म्हणजे ही फट त्या शस्त्रक्रियेपेक्षाही जुनी, जठर आणि आतडे जोडण्याच्या त्याआधीच्या शस्त्रक्रियांच्या काळातली आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पडदे चरबीने जाड असतात, त्यामुळे फटी बुजल्यासारख्याच असतात. पुढे वजन उतरते तशी पडद्यातील चरबीही उतरते, फट रुंद होते आणि सैल झालेल्या आतड्याचा एखादा वेढा तिच्यात शिरू लागतो. म्हणूनच हा त्रास पहिल्या आठवड्यात क्वचित आणि एक ते तीन वर्षांच्या दरम्यान, वजन भरपूर उतरून रुग्ण समाधानात असतानाच, अधिक दिसतो. पुण्याच्या डॉक्टरांनी फटी टाके घालून बंद केल्या होत्या का, हे डिस्चार्ज कार्डावर किंवा शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहिलेले असते. ती नोंद मागून घ्यावी. स्वीडनमध्ये १२ केंद्रांतील २,५०७ रुग्णांवर झालेला आणि २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. फटी बंद न केलेल्या गटात तीन वर्षांत आतड्याच्या अडथळ्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सुमारे १० टक्के होते, तर फटी बंद केलेल्या गटात ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले. प्रमाण निम्म्यावर आले, पण शून्यावर आले नाही. शिवाय टाक्यांमुळे खालचा जोड दुमडून सुरुवातीच्या काळात काही रुग्णांना वेगळा त्रास झाला, हेही त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा नोंदीत ‘फटी बंद केल्या’ असे लिहिलेले आढळले तरी शंका मिटली असे समजू नये. चरबी उतरल्यावर टाके सैल पडून फट पुन्हा उघडू शकते.

कळ येते आणि जाते याचे कारण असे की आतड्याचा वेढा फटीत शिरतो आणि बहुतेक वेळा आपोआप बाहेर निसटतो. जेवणानंतर आतडे भरते, हालचाल वाढते, म्हणून कळ जेवणाशी जोडलेली असते. तो बाहेर निसटला की रुग्ण ठणठणीत होतो, रक्ताच्या तपासण्या स्वच्छ येतात आणि सगळ्यांचा समज होतो की गोळी लागू पडली. ज्या दिवशी वेढा निसटत नाही, त्या दिवशी पडद्याला पीळ पडतो, त्यातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही तासांतच आतड्याचा तो भाग काळा पडू लागतो. तीन महिन्यांच्या येणाऱ्या-जाणाऱ्या कळांनंतर तो दिवस उद्या येईल की कधीच येणार नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. माझा आग्रह आहे तो यासाठीच.

बायपास झालेल्या पोटाची आणखी एक अडचण अशी की आतडे अडले तरी ओळखीची लक्षणे दिसतीलच असे नाही. इतर कोणाचे आतडे अडले की भरभरून हिरव्या उलट्या होतात, पोट ढोलासारखे फुगते, शौच आणि वारा बंद होतो. इथे पिशवी इतकी लहान असते की उलटीत पडायला फारसे काही नसते. उमासे, कोरड्या ओकाऱ्या आणि तोंडाला फेस येणे एवढेच दिसते. अडथळा पाचकरस आणणाऱ्या शाखेत असेल तर अन्नाचा मार्ग मोकळाच राहतो, रुग्ण पाणी पितो, शौचालाही होते, आणि दरम्यान आत राहिलेले जुने जठर फुग्यासारखे ताणले जात असते. त्याचा संबंध तोंडाशी उरलेला नसल्यामुळे ते उलटीने रिकामे होत नाही आणि साध्या एक्स-रेमध्येही नेहमीच ओळखू येत नाही. अशा रुग्णाच्या रक्तातील अमायलेज, लायपेज (स्वादुपिंडातील पाचक द्रव्ये) वाढलेली पाहून ‘स्वादुपिंडाला सूज’ असे निदान लिहिले जाते, दोन दिवस सलाईनवर ठेवले जाते आणि अमूल्य वेळ जातो.

आता तपासणीविषयी. बहिणीला पोटाचा काँट्रास्टसह (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध देऊन) सीटी स्कॅन हवा, आणि शक्य असेल तर कळ चालू असतानाच हवा. कळ ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेल्या स्कॅनमध्ये आतडे जागेवर परतलेले असण्याचीच शक्यता अधिक. पडद्यातील रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गोल फिरलेल्या दिसणे ही या हर्नियाची सर्वांत भरवशाची खूण होय. स्कॅन पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टला बायपास झाल्याचे ठाऊक नसेल तर ही खूण नजरेतून सुटते, म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर शस्त्रक्रियेचे नाव आणि वर्ष ठळकपणे लिहून घ्यावे. एवढे करूनही स्कॅन नॉर्मल आला तर? तरीही हर्निया नाही असे म्हणता येत नाही. वारंवार तशीच कळ येत असेल तर दुर्बिणीने आत पाहणे हाच निर्णायक उपाय आहे. आपत्कालीन शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही हाच आहे: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटदुखी टिकून असेल आणि तपासण्यांतून काही निष्पन्न होत नसेल, तर १२ ते २४ तासांच्या आत दुर्बिणीने पोट तपासावे. ‘काही सापडले नाही तर उगाच ऑपरेशन झाले’ ही भीती घरच्यांना वाटते. तीन छोट्या छिद्रांतून काही न सापडणे आणि आठ तास उशिरा जाऊन चार फूट आतडे काढावे लागणे यांतून निवड करायची असेल, तर मी दरवेळी पहिली बाजू घेईन.

इतर कारणे नाहीत असे नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्तात खडे तयार होतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. आपल्या बहिणीला खडे नाहीत, पण समजा असते, तरी मी हर्नियाचा विचार सोडला नसता. खडे दिसले म्हणून पित्ताशय काढले, कळ तशीच राहिली आणि मग कुठे खरे कारण सापडले, असा प्रकार सर्वत्र पाहायला मिळतो. दुसरे कारण म्हणजे पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर होणारा व्रण. त्याची जळजळ पोटाच्या वरच्या भागात, जेवताना किंवा जेवताच होते, आणि तो फुटला तर पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ अचानक येते. तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या ही त्याची दोन मोठी कारणे. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे, मशेरी आणि गुटखाही त्यात आले. आपल्याकडे स्त्रीरुग्णाला ‘सिगारेट ओढता का’ असे विचारले की ‘नाही’ असे खरे उत्तर मिळते, आणि दात घासण्याच्या मशेरीबद्दल कोणी विचारतच नाही.

तेव्हा कळ उठली की दिले जाणारे ते इंजेक्शन आजपासून बंद करावे. ते बहुधा डायक्लोफेनॅक असावे. त्या गटातील औषधे, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड वगैरे, बायपासनंतर जोडावर व्रण करतात म्हणून आयुष्यभर टाळायची असतात. इंजेक्शनवाटे दिली तरी हा धोका टळत नाही. त्यातच ती दुखणे दाबून टाकतात, त्यामुळे रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचत नाही. गुडघेदुखी, डोकेदुखी, पाळीचे दुखणे यांसाठी पॅरासिटामॉल चालते. मात्र पोटातील कळ पॅरासिटामॉलने थांबत नसेल तर त्याहून कडक गोळी शोधण्याऐवजी रुग्णालयाची वाट धरावी.

ताबडतोब केव्हा निघावे, हा आपला दुसरा प्रश्न. कळ दोन तासांहून अधिक टिकली, किंवा नेहमीपेक्षा तीव्र असली, किंवा ओसरून पुन्हा त्याच दिवशी उठली, तर निघावे. रुग्णाला स्वस्थ पडवत नसेल, ती पुढे वाकून किंवा गुडघे पोटाशी घेऊन बसत असेल, घोटभर पाणीही टिकत नसेल, उलटीत किंवा शौचात रक्त अथवा डांबरासारखा काळा रंग दिसला, तर घरगुती ओवा-हिंग करत बसू नये. आणि नाडी मोजावी. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला ११० च्या वर टिकून असेल, अंगात ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा रक्तदाब उतरला असेल, तर पोट हाताला मऊ लागले तरी आत काहीतरी बिघडले आहे असेच समजावे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असलेल्या रुग्णाची नाडी फारशी वाढत नाही, हे तेवढे लक्षात असू द्यावे. तिथे ९५ ही संख्यादेखील मला अस्वस्थ करते.

कुठे जावे, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण लातूरकरांच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. लातूरहून पुणे सहा-सात तासांचा प्रवास. आतड्याला पीळ पडलेल्या रुग्णाला रात्री गाडीत घालून ‘जिथे ऑपरेशन झाले तिथेच’ नेण्याचा मोह आवरावा. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणारे जनरल सर्जन आहेत, असे शहरातील रुग्णालय आजच हेरून ठेवावे. लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पीळ सोडवणे हे काम अनुभवी जनरल सर्जन करू शकतात, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी फोनवर बोलणे एवढ्यानेही पुष्कळ साधते. रुग्णाची स्थिती स्थिर असेल आणि स्कॅनमध्ये पीळ नसेल तरच पुण्याचा प्रवास करावा. बहिणीच्या पर्समध्ये आणि मोबाइलमध्ये एक चिठ्ठी असावी: शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, रुग्णालयाचा आणि सर्जनचा फोन, फटी बंद केल्या होत्या की नाही, चालू औषधे. त्याखाली तीन ओळी रात्रपाळीच्या डॉक्टरांसाठी असाव्यात. डायक्लोफेनॅक देऊ नये. नाकातून नळी अंदाजाने घालू नये, कारण छोट्या पिशवीला इजा होऊ शकते आणि मागे राहिलेले जठर त्या नळीने रिकामेही होत नाही. काही दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी शिरेतून थायमिन द्यावे. या शेवटच्या ओळीकडे सर्रास दुर्लक्ष होते. बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा काही आठवड्यांतच संपतो. तो संपलेला असताना नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूवर परिणाम होऊन डोळे फिरणे, तोल जाणे, विसंगत बोलणे सुरू होते आणि त्यातले काही नुकसान कायमचे राहू शकते.

हे उत्तर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरीही वाचले जाईल, म्हणून पहिल्या महिन्याविषयी थोडे लिहितो; तिथले धोके वेगळे आहेत. वजन कमी करण्याच्या स्लीव्ह या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि उरलेली नळी लांबलचक स्टेपलने शिवलेली असते. त्यात आतड्याची जोडाजोड नसल्याने वर सांगितलेला अंतर्गत हर्निया स्लीव्हनंतर होत नाही. आपल्याकडे पुष्कळ होणाऱ्या मिनी बायपासमध्ये खालचा जोड नसतो, पण पीटर्सनची फट राहते. स्लीव्हमध्ये भीती असते ती शिवणीतून होणाऱ्या गळतीची. तिचे प्रमाण अनुभवी केंद्रांत शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. पण ती बहुधा अन्ननलिकेला लागून असलेल्या वरच्या टोकाशी होते आणि पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडकीस येते. डाव्या खांद्यात दुखणे, न थांबणारी उचकी, हुडहुडी, धाप आणि वाढलेली नाडी ही तिची लक्षणे; पोट दुखेलच असे नाही. खांदेदुखी दुर्बिणीच्या वेळी भरलेल्या वायूमुळेही होते, त्यामुळे रुग्ण गोंधळतात. वायूचे दुखणे दररोज कमी होत जाते आणि दोन-तीन दिवसांत संपते. जे दुखणे चौथ्या-पाचव्या दिवशी नव्याने सुरू होते किंवा वाढते, ते वायूचे नव्हे. ‘काल बरे वाटत होते, आज एकदम गळून गेल्यासारखे वाटते’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडून ऐकले की मी नाडी पाहिल्याशिवाय फोन ठेवू देत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत शिवणीतून रक्तस्राव होऊ शकतो; तो बहुतांशी रुग्णालयातच कळतो. पायाच्या शिरांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा घरी गेल्यावरचा धोका आहे, म्हणून रक्त पातळ करण्याची इंजेक्शने ठरल्या दिवसापर्यंत घ्यावीत आणि घरात चालते राहावे. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होणे हा प्रकार कमी आढळतो, पण स्लीव्हनंतर साधारण पहिल्या महिनाभरात, विशेषतः पाणी कमी पिणाऱ्यांत होतो. मोघम, सतत राहणारी पोटदुखी एवढेच त्याचे लक्षण असू शकते आणि काँट्रास्टसह सीटी केल्याशिवाय तो कळत नाही. वेळीच कळला तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बहुतेक जण बरे होतात.

गळतीतून सावरणे मात्र दीर्घ चालते आणि घरच्यांनी ते आधीच समजून घेतलेले बरे. पोटात साठलेला पू नळीवाटे बाहेर काढणे, एंडोस्कोपीने स्टेंट (गळतीची जागा आतून झाकणारी नळी) किंवा छोट्या वळणदार नळ्या घालणे, तोंडाने खाणे बंद ठेवून आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न देणे, असा क्रम काही आठवडे आणि कधी काही महिने चालतो. स्टेंटमुळे छातीत दाब येतो, मळमळते, लाळ गिळवत नाही. मध्येच ताप परततो आणि आणखी एक नळी घालावी लागते. या काळात भोक लवकर बुजण्यासाठी सर्वांत मोठा हातभार पोषणाचा असतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, आणि आजारात त्याहूनही अधिक, ही गरज नळीतूनच भागवावी लागते. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न सुरू केल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरते, म्हणून सुरुवात हळू आणि रक्त तपासत करतात. नातेवाईक ‘अजून नळीतूनच का’ म्हणून अधीर होतात. ती अधीरता मी समजू शकतो, पण तोंडातून चोरून दिलेला चहा पुन्हा गळतीच्या जागीच जातो.

आपल्या बहिणीकडे परत येतो. तिची शस्त्रक्रिया ठरवून, कळ नसलेल्या दिवशी झाली तर चित्र फार सौम्य असते. दुर्बिणीतून आत गेल्यावर सर्जन वरून सुरुवात करत नाहीत, कारण पिळलेल्या आतड्यात दिशाच कळत नाही. उजवीकडे खाली, लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते ती जागा आधी पकडतात, कारण ती कुठेच हललेली नसते, आणि तिथून हातभर-हातभर आतडे मागे मोजत वर येतात. बरेचदा असे मोजता मोजताच पीळ आपोआप सुटतो. पोटात दुधासारखे पांढरे पाणी दिसले तर पडद्यातील रसवाहिन्या आवळल्या गेल्याचा तो पुरावा असतो आणि स्कॅन नॉर्मल होता तरी दुखणे खरे होते हे तिथेच कळते. आतडे निळसर दिसत असेल तर ते पीळ सोडवून, कोमट पाण्याच्या घड्या ठेवून काही मिनिटे पाहतात. गुलाबी रंग आणि हालचाल परतली तर ते राखता येते. मग दोन्ही फटी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. एवढ्यावर भागले तर दुसऱ्या दिवशी पातळ पदार्थ सुरू होतात, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात आणि दोन आठवड्यांत बहुतेक जण बैठ्या कामावर परततात. जड उचलणे महिनाभर टाळावे.

आतडे काढावे लागले तर मात्र हिशेब बदलतो: काही दिवस अतिदक्षता विभाग, एक-दोन आठवडे रुग्णालय, थकवा दोन-तीन महिने. किती आतडे उरले यावर पुढचे सारे अवलंबून असते. बायपासमुळे लोह, बी-१२, कॅल्शियम यांचे शोषण आधीच कमी झालेले असते, त्यात आतड्याची लांबी घटली की जुलाब आणि अशक्तपणा वाढतो. अशा रुग्णाच्या जीवनसत्त्वांच्या मात्रा पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासून नव्याने ठरवाव्यात.

घरी आल्यावर खाण्याची पायरी पुन्हा पहिल्या शस्त्रक्रियेसारखीच चढायची: आधी ताक, वरणाचे पाणी, सूप, मग मऊ खिचडी, दही, मऊ अंडे, पनीर, त्यानंतर चावून खायचे पदार्थ. पाणी जेवणासोबत न पिता मध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवून घोट घोट घ्यावे. जखमांची थोडी ओढ आणि शौचाचा अनियमितपणा एक-दोन आठवडे राहतोच, त्याने घाबरू नये. जेवणानंतरची ती जुनी, ओळखीची कळ मात्र परतता कामा नये. परतली तर फट पुन्हा उघडली असेल किंवा निदानच वेगळे असेल, आणि त्या वेळी जोडाची एंडोस्कोपी करून व्रण नाही ना हे पाहावे लागेल. पुष्कळ रुग्णांना अशा अनुभवानंतर जेवणाचीच धास्ती बसते; ते घास मोजून खातात आणि वजन नको तितके उतरते. तसे दिसले तर आहारतज्ज्ञाकडे नेण्यात संकोच करू नये.

राहिला मूल होऊ देण्याचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने थांबावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे आणि तो काळ आपल्या बहिणीने पार केला आहे, तेव्हा तिच्या इच्छेला वैद्यकीय हरकत नाही. फक्त ही कळ अनिर्णीत ठेवून गर्भधारणा होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्भाशय वाढू लागले की ते आतड्यांना वर ढकलते, आणि बायपास झालेल्या स्त्रियांत अंतर्गत हर्निया अडकण्याचे प्रसंग गरोदरपणाच्या उत्तरार्धात अधिक येतात. त्या वेळी पोटात दुखले की सगळ्यांचे लक्ष गर्भाकडे आणि प्रसूतीच्या कळांकडे जाते, सीटी स्कॅनच्या किरणांना सगळे घाबरतात, आणि उशीर आई व बाळ दोघांनाही महागात पडतो. म्हणून आधी स्कॅन, आवश्यक वाटल्यास दुर्बिणीने तपासणी आणि फटी बंद करणे, त्यानंतर रक्तातील लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, डी जीवनसत्त्व पाहून मगच गर्भधारणा, असा क्रम ठेवावा. आणि दरम्यान दिवस गेलेच, तर पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना बायपासची चिठ्ठी दाखवावी. पोटाच्या वरच्या भागातील कळ तासाभरात ओसरली नाही तर प्रसूतितज्ज्ञ आणि सर्जन या दोघांनीही त्याच दिवशी तिला तपासावे, आणि गरज पडल्यास स्कॅन करण्यास संमती द्यावी. योग्य कारणासाठी केलेल्या एका स्कॅनचा गर्भाला असणारा धोका अल्प असतो, अडकून काळे पडलेल्या आतड्याचा फार मोठा असतो.